पाटावरचा इराणी राजा

शारजाला आमच्या खालच्या मजल्यावर एक इराणी बाई राहायच्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना खानुम म्हणे. इराणला जाताना कुंड्यांना पाणी घालायला किल्ली आणि सांभाळायला रुमालात बांधलेलं चांदीचं नाणं, दोन्ही माझ्याकडे देऊन जात. नाणं दीड हजार वर्षांपूर्वीच्या सासानी राजांच्या काळातलं, त्यांच्या वडिलांनी दिलेलं. एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे राखणदार. प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा, त्यावरूनच राजा ओळखायचा, हेही खानुमनीच सांगितलेलं.

एका वर्षी त्या इराणला गेल्या आणि मागोमाग दिवाळी आली. मी पूजेची चांदी घासायला बसले. म्हटलं, यावर अग्नी आहे, म्हणजे देवाचंच की, लक्ष्मीपूजनाला राहू दे पाटावर. पण काळं नाणं पूजेत कसं मांडायचं? मुलगी म्हणाली, "आई, डोन्ट. इट्स सपोज्ड टु बी ब्लॅक." मी तिलाच झापलं, तुला काय कळतं पूजेतलं म्हणून. दंतमंजन घेतलं आणि खसाखसा घासलं.

नाणं लखलखलं आणि राजा दिसेनासा झाला. रेघांत बसलेल्या काळ्यामुळेच तो दिसत होता, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. हळदकुंकू वाहिलं, पण पूजेत लक्ष कसलं!

पुढचे दहा दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. लिफ्ट थांबली की मी दाराशी. नवऱ्याचं आपलं एकच, चमकलंय ना, खूशच होतील. रोल्ला बाजारातला एक सराफ तीस दिरहममध्ये, म्हणजे तेव्हाच्या साडेतीनशे रुपयांत, परत काळं करून देतो म्हणाला. मी दुकानातून बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर. शेवटी एवढी लबाडी नको, म्हणून तसंच घरी आणलं.

खानुम आल्या. चहाला उकळी फुटायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला आणि हिंदीत म्हणाल्या, "वो काला मेरे बाबा के हाथ का था." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "खलास, जाने दो. तुमने पूजा में रखा ना." चहा प्याल्या, करंजी खाल्ली, मुलीच्या शाळेची चौकशी केली. मला वाटलं, सुटले बाई.

पुढच्या खेपेला त्या इराणला कधी गेल्या, मला कळलंही नाही. एक दिवस बाल्कनीतून खाली वाकून बघितलं, तर चौथ्या मजल्यावरची बाई त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होती.