सातवी पायरी

मनसरा लिस्बनला निघाली तेव्हा नेपाळातल्या बेनी गावाच्या बसथांब्यावर आईने तिला एकच गोष्ट बजावली होती, "परक्यांमध्ये राहायचंय, आवाज करू नकोस." लेक सुस्मिता तेव्हा पाच वर्षांची, आजीच्या खांद्यावर झोपलेली.

मनसराने ते अक्षरशः पाळलं. लिस्बनच्या मोरारिया वस्तीतल्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ती चार वर्षं अशी राहिली, जणू राहतच नव्हती. कचेऱ्या उघडण्याआधी त्या झाडून-पुसून ठेवायचं काम. पहाटे पाचला जोडे हातात घेऊन अनवाणी उतरायचं, तिसऱ्या मजल्याच्या वरची सातवी पायरी करकरते म्हणून ती गाळायची, आणि रस्त्यावर आल्यावर जोडे घालायचे. चार वर्षांत कुणाची तक्रार नाही, याचा तिला मनातून अभिमान होता.

आता लेकीला आणायचं होतं. बाकी कागद जमले होते. राहिला होता पत्त्याचा दाखला. वस्तीच्या कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "इथल्या दोन मतदारांच्या सह्या हव्यात. आम्ही हिला ओळखतो, ही इथेच राहते, असं. मंगळवारची तुमची इमिग्रेशन कचेरीतली तारीख आहे ना? ती चुकली तर पुढची कधी मिळेल, मला सांगता येणार नाही."

घरी येताना मनसराने माणसं आठवून पाहिली. ओळखीचे सगळे नेपाळी. इथे मत कुणालाच नाही.

कोपऱ्यावरच्या पाववाल्या सेन्योर आन्सेल्मोने चष्मा वर केला. "चार वर्षांत तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस, 'दोन पाव द्या.' आज दुसरं बोललीस म्हणजे प्रकरण गंभीर आहे!" असं म्हणून त्याने सही ठोकली.

दुसरीसाठी तिने तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं. दोना इडालिना, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत बाहेर आली. फॉर्म डोळ्यांजवळ धरून तिने सावकाश वाचला. मग मनसराकडे पाहिलं.

"तुला मी कधी पाहिलेलं नाही, पोरी. खोटी सही मी नवऱ्यासाठीसुद्धा केली नव्हती."

"माफ करा, आमा," मनसरा म्हणाली. फॉर्म घडी करून ती वर निघाली. सवयीने जोडे हातात गेले, सवयीनेच पाऊल एक पायरी ओलांडून पडलं.

"थांब! सातवी गाळलीस तू."

मनसरा वळली.

"पहाटे पाचला उतरते ती तूच का?" म्हातारी दाराला धरून उभी होती. "मुलगा फ्रान्सला गेला तेव्हापासून मला झोप नाही. पहाटे अनवाणी पावलं ऐकू येतात, पण सातवी कधी करकरत नाही. आधी वाटलं, चोर आहे. मग म्हटलं, चोर एवढ्या नेमाने कामावर जात नाही." ती हसली नाही. "मागच्या हिवाळ्यात नऊ दिवस उतरली नाहीस."

"ताप होता."

"मला वाटलं, गेलीस. वर यायला निघाले, दोन पायऱ्या चढले आणि परत फिरले. गुडघ्यांचं निमित्त, खरं म्हणजे काय बघायला मिळेल याची भीती वाटली. दहाव्या दिवशी तुझी पावलं ऐकली आणि पुन्हा अंथरुणात शिरले."

त्या नऊ दिवसांत मनसरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आपण मेलो तर वास आल्यावरच लोकांना कळेल, असं तिला वाटत होतं.

"पॅरिसात मी अकरा वर्षं लोकांचे जिने पुसले," म्हातारी म्हणाली. "मीही अशीच वावरायचे. आण तो कागद."

भिंतीवर फॉर्म टेकवून तिने 'किती काळ ओळखता' पुढे चार वर्षं लिहिलं, सही केली आणि विचारलं, "आता नाव सांग."

"मनसरा."

"उद्यापासून जोडे घालून उतर, मनसरा."

वर जाताना मनसराने जोडे घातले नाहीत. चार वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. पण सुस्मिता बेनीहून निघेल तेव्हा तिला काय काय सांगायचं, याची ती मनाशी जुळवाजुळव करत होती. आवाज करू नकोस, हे त्यात नव्हतं.