धारचं जेवण, देवासची टेकरी

गौरी-गणपती विसर्जनाला निघाले आणि धारच्या तलावाच्या वाटेवर माझ्या नवऱ्याचे ओठ सुजले. आधी तळहात खाजायला लागले, मग मानेवर लाल गांधी उठल्या, मग आवाज घोगरा झाला. हातातला गणपती त्याने मोठ्या दिरांकडे दिला आणि रस्त्याच्या कडेला खालीच बसला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, सलाईन लागलं.

"कुछ खाने में आ गया होगा. ध्यान रखो," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

ध्यान कशावर ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते जाऊबाईंच्या स्वयंपाकघरावर ठेवलं.

आम्ही राहतो देवासला, नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे. धारचं घर मोठ्या दिरांचं. गौरी तिथेच बसतात आणि स्वयंपाक जाऊबाईच करतात. दुसऱ्या कुणाला त्या ओट्याशी उभं राहू देत नाहीत. त्यांच्या गोड्या मसाल्याचं इंदूरपर्यंत कौतुक आहे. "आमच्या घरात बाजारचा मसाला शिरत नाही," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

दवाखान्यातून परतल्यावर मी सरळ विचारलं, "जाऊबाई, वांग्याच्या भाजीत काय काय होतं?"

"वांगं होतं."

"आणि?"

"आणि मसाला. घरी कुटलेला. अगं, भाऊजींना मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून माझ्या हातचं खातायत ते. आजच काय झालं त्यात?"

तेच तर मला जाणून घ्यायचं होतं.

देवासला आल्यावर मी दाणे, तीळ, काजू, वांगी सगळं बंद केलं. नवरा सकाळी उपाशीपोटी फिरून यायचा, मग पोळी-भाजी खाऊन स्कूटरवर ऑफिसला जायचा आणि दिवसभर खुर्चीत बसायचा. काही झालं नाही. महिनोन्‌महिने काही झालं नाही. जो जो दिवस सुखरूप गेला, त्या प्रत्येक दिवसागणिक माझी खात्री वाढली की दोष धारमध्ये आहे.

थंडीत दिरांच्या साठीला पुन्हा धारला गेलो. बेत दाल-बाफल्यांचा होता, म्हणजे कणकेचे गोळे उकडून, भाजून तुपात बुडवायचे. काय घालायचं नाही ते मी फोनवर आधीच बजावलं होतं. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात शिरले, तर जाऊबाईंनी एक छोटी स्टीलची डबी कणकेच्या डब्यामागे सरकवली.

"काय आहे ते?"

"काही नाही. हिंग."

मी तिथेच उभी होते. हिंगाचा वास आला नाही.

जेवणं झाल्यावर दोघे भाऊ पाहुण्यांना किल्ला दाखवायला गेले. चढ चढता चढता नवरा कोसळला. त्याला कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर आडवा करून थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं. या वेळी ब्लडप्रेशर इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. पुढचा झटका आला आणि हॉस्पिटल लांब असलं तर काय, हे रात्रभर माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

जाऊबाईंचा अ‍ॅलर्जीवर विश्वास नव्हता. "थोडं थोडं पोटात गेलं की सवय होते," असं त्या शेजारणीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते आणि ती डबी, मी दोन्ही जोडून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं.

तो हसला. "वहिनी मला मारायला टपल्यात का?"

"मारायला नाही. तुम्हाला काही झालेलं नाही हे सिद्ध करायला."

त्यानंतर धारला आमचं जेवण बंद. जायचं, चहासुद्धा न घेता परत यायचं. दीर दुखावले. मला त्याची पर्वा नव्हती.

मग एका रविवारी दीर-जाऊच देवासला आले. टेकरीवर देवीच्या दर्शनाला जायचं होतं. सगळा स्वयंपाक मी एकटीने केला: वरण-भात, पोळ्या, दुधीची भाजी. जाऊबाई मदतीला उठल्या तर मी म्हटलं, "तुम्ही बसा."

"पाहुणी आहे वाटतं मी आज? बरं. बसते."

नवऱ्याचा गुडघा दुखत होता म्हणून त्याने जेवणावर एक गोळी घेतली आणि आम्ही टेकरी चढायला लागलो. अर्ध्या पायऱ्यांवर त्याने कठडा धरला. तळहात लाल, डोळे सुजलेले. मी त्याच्याकडे बघतच राहिले, कारण आज तो फक्त माझ्या हातचं जेवला होता. जाऊबाईंनी त्याला पायरीवर आडवं केलं, त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि उतरणाऱ्या एका माणसाला ओरडून म्हणाल्या, "भिया, कोई गाड़ी बुलाओ नीचे!"

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तो शुद्धीवर आहे असं नर्सने सांगितल्यावर मग त्या बोलल्या. "आज मी चमचासुद्धा हातात धरला नव्हता."

मी घरी येऊन माझंच तेल हुंगलं, माझीच हळद चाखली, भांड्यांचा साबण बदलला. काही सापडलं नाही.

इंदूरला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेव्हा न बोलावता जाऊबाई गाडीत येऊन बसल्या. "माझ्यावरचा डाग मलाच पुसायचाय."

डॉक्टरांनी मसाल्याचं विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "मसाला बाज़ार का है. डिब्बी में भर के रखती हूँ." आणि माझ्याकडे न बघता मराठीत, "घरी कुणाजवळ बोलू नकोस. कुटायला हात चालत नाहीत आता."

हिंग म्हणून लपवलेली डबी ती हीच. डॉक्टरांना त्यात काही रस नव्हता.

"खाने के बाद ये क्या कर रहे थे?"

आम्ही सांगितलं. तलावापर्यंत चालत. किल्ल्याचा चढ. टेकरी.

"और तीनों बार गेहूँ खाया था?"

"गेहूँ तो रोज़ खाते हैं," मी म्हटलं. माळव्यात गव्हावर कोण संशय घेणार? पुरणपोळी, बाफला, पोळी. मी पानातलं सगळं तपासलं होतं, फक्त ते सोडून.

रक्ताच्या तपासणीत गहूच निघाला. नुसता गहू त्याला चालत होता. गहू खाऊन लगेच शरीराला दमवलं की झटका, आणि वर दुखण्यावरची गोळी असली तर आणखी जोरात. डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला, कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत ते सांगितलं, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत कसं द्यायचं ते शिकवलं आणि बजावलं की ते दिलं तरी हॉस्पिटलात जायचंच. मला पटलं नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनीही तेच सांगितलं.

यंदा गौरींना धारला जेवलो. जाऊबाईंनी नवऱ्यासाठी वाटीत पुरण आणि तांदळाची भाकरी केली होती.

"पीठ कुठल्या चक्कीवर दळलंत?"

"चक्कीवर नाही, मिक्सरला. भांडं आधी दोनदा धुतलं. विचार पुढचं."

"हिंग?"

"खड्याचा. दळलेल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, माहितीये मला."

"बघू डबी."

त्यांनी डबी माझ्या नाकाशी धरली. या वेळी हिंगच होता.

विसर्जनाला सगळे चालत निघालो. माझ्या पर्समध्ये इंजेक्शन होतं. तलावाजवळ नवऱ्याने मनगट खाजवलं. माझा हात पर्समध्ये गेला. त्याच्या दुसऱ्या बाजूला चालणाऱ्या जाऊबाईंनी तोवर त्याचं मनगट पकडून उजेडात धरलं होतं.

"डास चावलाय."

"नक्की?"

"एकच गांधी आहे. ओठ बघ, ठीक आहेत. आवाज काढा हो भाऊजी."

"काय काढू आवाज? दोघींनी मिळून तलावात बुडवा मला एकदाचं," नवरा म्हणाला. आवाज स्वच्छ होता.

मी पर्समधला चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि मनगट माझ्याकडे ओढून घेतलं.