आईच्या उंचीचं लुगडं

माझी आई तात्यांपेक्षा चांगली चार बोटं उंच होती. घरात ही गोष्ट कुणी बोलत नसे. तात्या म्हणजे माझे वडील. ते तिच्या शेजारी कधी उभे राहत नसत, आणि वाटेने जाताना ती दहा पावलं मागून चाले. लोकांना ती रीत वाटे.

आमच्या घरच्या बायकांनी कापडाच्या दुकानाची पायरी चढायची नाही असा नेम होता. नेसायचं बायकांनी आणि निवडायचं पुरुषांनी! याचा मला आजही संताप येतो. तात्या बारामतीच्या बाजारातून लुगडं आणत ते काठ बघून आणि भाव पाडून. लांबी नऊ वार भरली की त्यांचं समाधान झालं. पण उंच बाईला लागतो तो पन्हा, कापडाची रुंदी. पन्हा कमी पडला की लुगडं पोटरीवरच संपतं. आईची सगळी लुगडी तशीच. विहिरीवरच्या बायका विचारत, "काय गं, वाटंत वढा लागला का?" आई तिथे हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मी नऊ-दहा वर्षांची असताना निरवांगीला आईच्या भाच्याचं लग्न निघालं. १९३० नंतरची ती वर्षं, शेतमालाला भाव नव्हता, तरी आईला नवं लुगडं घ्यायचं ठरलं. ती नवरदेवाची आत्या, हळदीला पहिला मान तिचा. सगळ्या माहेरासमोर तिला उभं राहायचं होतं. तात्या मला बाजाराला नेणार हे कळल्यावर तिने मला माजघरात बोलावलं, आपल्या कमरेपासून घोट्यापर्यंत दोरा धरला आणि दातांनी तोडला.

"एवढा पन्हा असला तरच घ्या म्हनावं. मी बोलले की त्येंला राग येतो. तू दाव."

मी दोरा परकराच्या नाडीला बांधला. शेळगावहून आम्ही तांबडं फुटायच्या आत बैलगाडी जुंपली. बारामतीत मिरचीची पोती विकून झाली आणि मग आमची दुकानांची फिरती सुरू झाली. पहिल्या दुकानातलं लुगडं पाटासारखं कडक. तात्यांनी तळहातांत चोळलं तर खळीची पांढरी भुकटी पडली आणि खाली उरली ती नुसती चाळण. दुसऱ्या दुकानात त्यांनी ओला अंगठा काठावर फिरवला, तर अंगठा लाल झाला. दुकानदार म्हणाला, "नवं हाय तवर रंग सुटनारच की!" तिसऱ्याकडचं कापड झकास, पण किंमत ऐकून तात्यांनी पायात जोडे घातले. चांगलं ते परवडेना आणि परवडेल ते चार धुण्यांत फाटणार. उन्हात फिरून माझे पाय भाजले.

शेवटी एका म्हाताऱ्याच्या छोट्या दुकानात आलो. त्याने थप्पीच्या अगदी तळातून एक गर्द हिरवं लुगडं ओढून काढलं. हातमागाचं, वीण घट्ट, काठ पक्का. तात्यांनी चोळून पाहिलं, ओला अंगठा फिरवला, उजेडात धरलं. काही खोट निघेना. भावही झेपणारा.

"एवढ्यात कसं देताय?" तात्यांनी संशयाने विचारलं.

"पन्हा मोठा हाय, पावनं. उंच बाईचं गिऱ्हाईकच घावंना, म्हनून पडून ऱ्हायलंय. बारक्या पन्ह्याच्या भावात देतो. तुमच्या मालकीणबाई केवढ्या हायती?"

तात्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या कानाशी आडवा धरला. "ही एवढी."

मला वाटलं ते विसरले. मी नाडीला हात घातला आणि म्हणाले, "तात्या, आयनं माप दिलंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात तिथेच राहिला. "कायबी बोलती पोर," ते म्हाताऱ्याला म्हणाले.

"मग हे कशाला न्हेता? पायात लोळंल त्यांच्या," म्हातारा भल्या मनाने म्हणाला. त्याने ते लुगडं परत तळाला घातलं आणि त्याच विणीचं, त्याच रंगाचं, लहान पन्ह्याचं काढून दिलं. तात्यांनी ते घेतलं. इतकं जिवाला लागलं माझ्या! हाताशी आलेली वस्तू, आणि ह्या माणसाने ती एका खोट्या मापापायी घालवली. परतीच्या वाटेवर ते बैलांशीच बोलत होते.

घरी आईने लुगडं नेसून पाहिलं. ते पोटरीवरच थांबलं. "दोरा दावला न्हाईस व्हय गं?" तिने मला विचारलं. तात्या अंगणात बैल सोडत होते, आणि ते काम त्यांना काही केल्या उरकत नव्हतं. मी म्हणाले, "हरवला." आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी मला न्हाऊ घालताना तिला नाडीला बांधलेला दोरा दिसला. तिने तो सोडून चुलीत टाकला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

निरवांगीला ती हळदीच्या वेळी भिंतीशी बसून राहिली, पाय पोटाशी घेऊन. माझ्या मामीने येऊन हाताला धरलं. "उठा की वन्सं, मान तुमचा हाय." आई म्हणाली, "गुडघा धरलाय गं माझा. उठवत न्हाय." मग दुसऱ्याच कुणीतरी नवरदेवाला पहिली हळद लावली. बसल्या जागी आई हसतमुखाने बघत होती.

तात्यांनी हे ऐकलं आणि ते तेलाची वाटी घेऊन बायकांच्या घोळक्यात आले. "लई दुखतंय का गं?" असं त्यांनी सगळ्यांसमोर, मायेने विचारलं. बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या. आईने वर मान करून त्यांच्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिली. मग तिने वाटीत बोटं बुडवली आणि न दुखणाऱ्या गुडघ्याला तेल चोळायला लागली.