मावशीच्या लुगड्याचा आडोसा

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले नाही, मला रागच आला. तेराव्याला नातेवाईक तिची लुगडी वाटायला बसले, तेव्हा त्यातलं विटलेलं हिरवं नऊवारी मी सरळ ओढून घेतलं. म्हणोत काय म्हणायचं ते.

आई लवकर गेली. लालबागच्या चाळीत मला वाढवलं ते गिरणीत जाणाऱ्या या मावशीनं. पहिलीत असताना मला सारखी लघवीला लागायची, जळजळायचं. शाळेत बाई सोडत नसत. एकदा परकर भिजला तर बाकावर उभं केलं. शेजारणींचं एकच पालुपद, पोरीचं पाणी तोडा. पाणी तोडलं, मी तहानेनं रडायचे, आणि लागायची ती लागायचीच. शेवटी परळच्या एका डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितलं की हिच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातंय, भरपूर पाणी पाजा, मीठ कमी करा. त्या दिवसापासून मावशीनं स्वतःही खारवलेला सुका बांगडा सोडला. मालवणी बाईनं बांगडा सोडणं म्हणजे काय, ते मालवण्यालाच विचारा. शाळेला मात्र हे पटेना. एवढं असेल तर घरीच ठेवा, बाई म्हणाल्या. लाजेनं मलाही तेच हवं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मावशी मला काखोटीला मारून मोर्चात निघाली आणि भर रस्त्यात मला लागली. मी मुकाट रडायला लागले... मावशीनं खोचलेला पदर काढून पसरला, शेजारच्या बायकांना हाक दिली, लुगड्यांचा आडोसा झाला. मागचा मोर्चा थांबला. रस्ता मोकळा करा म्हणत हवालदार धावून आला. मावशीनं हातातला पदर सोडला नाही.

"चेडवाचा होवंदे. तोपर्यंत मोर्चो हलाचो नाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश बसले. दुसऱ्या दिवशी मावशी खाडा करून वर्गाच्या दारात ठाण मांडून बसली. हिला लागली की मीच नेणार, म्हणाली. दुपारपर्यंत बाई कंटाळल्या आणि मला न विचारता जायची मुभा मिळाली. माझी शाळा सुटता सुटता राहिली.

शेवटची भेट इस्पितळात. किती वेळा भांडं मागता आजी, म्हणून आया करवादली, आणि माझ्या मावशीनं, त्या मावशीनं, मान खाली घातली. वॉर्डात पडदा नव्हता. मी पदर सोडला, खाटेपुढे आडवा धरला आणि आयेला म्हटलं, "तिचं होईपर्यंत मी हलणार नाही."

मावशी पदराआडून हळूच हसली.

ते हिरवं लुगडं मोर्चातलंच. त्याची गोधडी होणार नाही. पदराची कुठली कड मुठीत धरायची, ते मला ठाऊक आहे.