दिगंबर दारू पीत नव्हता

आमची पलटण तेव्हा पंजाबात पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत होती. मी हवालदार, बॉक्सिंग टीमचा उस्ताद. गाव आळंद. लान्स नायक दिगंबर बिदरजवळच्या जनवाड्याचा. पलटणीत आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच.

दिगंबर मुळात कुस्तीतला गडी. हेवीवेटला माणूस नव्हता म्हणून मी त्याला ग्लोव्हज घातले. पहाटे दौड, मग बॅग, संध्याकाळी स्पारिंग. लंगरात, पलटणीच्या जेवणघरात बसला की कुरकुरायचा, "उस्ताद, हितं ज्वारीची भाकर कामून न्हाई?"

"सीओ साहेबांना विचार."

एकदा त्यानं खरंच विचारलं. दोघांनाही ग्राउंडाच्या चकरा पडल्या.

सलग तीन मोसम तो हरला नाही. चौथ्या वर्षी डिव्हिजनच्या सेमीफायनलला त्याच्या कानशिलावर हुक बसला. तो पडला, डोकं कॅनव्हासवर आपटलं. आठच्या मोजणीला उठला आणि पॉइंटवर जिंकला. फायनल दुसऱ्या दिवशी होती.

रिंगमागच्या तंबूत मेडिकल ऑफिसर आले. तरुण कॅप्टन, केरळचे. डोक्याला दुखापत झाल्याची शंका आली तर महिनाभर रिंग बंद, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता.

"जवान, कहाँ हो तुम?"

दिगंबर म्हणाला, "अप्पा बैल सोडायलाय. मला जाऊ द्या की."

"क्या बोला?"

मी म्हणालो, "साब, बोलता है स्टेडियम में हूँ. कल फायनल है."

"आज कौन सा दिन है?"

"अक्का आली का न्हाई अजून?"

"साब, शनिवार बोलता है."

कॅप्टन साहेबांनी फिट लिहिलं. त्यांचा दोष नाही. पलटणीत इतकी वर्षं हिंदी बोलणारा माणूस एकाएकी घरच्या बोलीवर आला होता. दुखापतीची खूण तीच होती, आणि ती तंबूत फक्त मला कळत होती. मला कप हवा होता.

फायनल तो जिंकला. तिन्ही राउंड डोक्यावर मार खात जिंकला. त्यानंतरही मी त्याला दोन मोसम उतरवलं.

पेन्शनवर आल्यावर तो साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागला. हात कापायचे. चालताना तोल जायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा. ड्यूटीवर प्यायला म्हणून कारखान्यानं काढलं. कुणी डॉक्टरला दाखवलं नाही, तोंडाचा वाससुद्धा घेतला नाही. गावातली पोरं मागून ओरडायची, "काका, आज किती राउंड?" गेल्या श्रावणात तो गेला.

शोकसभेला मी जनवाड्याला गेलो. गावचे पुढारी बोलायला उठले. "एवढा मोठा बॉक्सर, पण दारूनं खाल्ला. पोरांनो, धडा घ्या." माणसं माना डोलावत होती. बायकांत पुढं बसलेल्या कलावतीनं, त्याच्या बायकोनं, पदर तोंडावर ओढला.

मी उठलो. "कुणी पाजली त्याला? समोर या."

गावातला दारूवाला तिथंच बसला होता. म्हणाला, "माझ्याकडं कधी आला न्हाई बघा. खोटं कशाला बोलू?"

मागून एक जण म्हणाला, "मग उदगीरला जात असंल."

लोक हसले. शोकसभेत हसले. मी सगळे गप्प होईपर्यंत उभा राहिलो. मग तंबूत काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, दिगंबरनं काय उत्तर दिलं, मी काय सांगितलं, आणि ते हातांचं कापणं दारूचं नाही, डोक्यावरच्या माराचं होतं. पुढारी म्हणाले, "अण्णा, जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं कशाला उकरायलात?" मी म्हणालो, "दारूचं तुम्हीच उकरलंत. आता बसा, ऐका."

सभा उठल्यावर कलावती जवळ आली.

"अण्णा, मी रोज सांजच्याला त्येंचं तोंड हुंगायची. वास कधी आला न्हाई. मला वाटायचं, बडीशेप खाऊन लपवायलेत."

तिनं पदर सारखा केला.

"शेवटच्या दिवशीबी हुंगलं," ती म्हणाली आणि घराकडं निघाली. मला या म्हणाली नाही.

कपावर पलटणीचं नाव आहे. तो क्वार्टर गार्डात, पलटणीच्या पहाऱ्याच्या खोलीत, चकचकीत ठेवतात. युद्धात पडलेल्यांच्या दगडावर दिगंबरचं नाव येणार नाही, तसा कायदा नाही. म्हणून इथं लिहितो. लान्स नायक दिगंबर, जनवाडा. हेवीवेट. दारूला शिवला नाही. कुणाला वेगळं बोलायचं असेल तर त्यानं आळंदला यावं आणि माझ्या तोंडावर बोलावं.