वहिनीच्या नावाने त्या टेकाडावर काही नको

दादाचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीच्या घरी शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. "तुझी वहिनी गेली गं..." एवढंच म्हणाला. दुपारी जेवून जरा पडली ती उठलीच नाही, हे नंतर शेजारणीने सांगितलं. नांदेडहून रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव काही परदेशात नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. आता दीड महिना होत आला. रडून झालं. उरलाय तो राग, आणि तो मी लपवणार नाही. इंदूवहिनीच म्हणायची, "वन्सं, चिडायचं तर नीट चिडावं. अर्धवट चिडलं की पित्त होतंय."

तेराव्यानंतर गावाने शोकसभा घेतली. भलामोठा फ्लेक्स, त्यावर वहिनीचा फोटो, खाली 'पक्षीमित्र' आणि बाजूला गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. आमच्या तलावावर रोहित उभ्या जन्मात कुणी पाहिला नाही! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. ज्यांनी मागच्या उन्हाळ्यात तिला तोंडावर 'पाण्याची वैरीण' म्हटलं, तेच माइकसमोर डोळे पुसत होते. मी दात-ओठ खात ऐकून घेत होते. शेवटी नवे सरपंच उठले आणि त्यांनी जे जाहीर केलं... ते सांगतेच. आधी ही बाई कोण होती ते सांगू द्या.

गावातली सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि वहिनी निवडून आली. सगळ्यांनी धरून चाललेलं की कारभार दादाच बघणार. पहिल्याच बैठकीत ग्रामसेवकाने कागद दादापुढे सरकवले. वहिनीने ते ओढून घेतले. "सरपंच मी हाय. त्यांना चहा द्या." दादाने मुकाट चहा घेतला आणि तेव्हापासून हा किस्सा स्वतःच रंगवून सांगतो. टँकरमागे घागर घेऊन पळताना पडून तिचा गुडघा कायमचा अधू झाला होता. पाण्याचं मोल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावच्या तलावातला गाळ उपसावा म्हणून तोच गुडघा घेऊन तिने तालुक्याच्या किती पायऱ्या झिजवल्या! सरपंचपद गेलं तरी हेलपाटे सुरूच. तिने चिकाटी सोडली असती तर तो गाळ आजही तिथेच असता. हे गावाला चांगलं माहीत आहे.

मंजुरी आली त्याच उन्हाळ्यात, म्हणजे मागच्या वर्षी, तिचा मला फोन आला. "वन्सं, तुम्ही कॉलेजात जनावरं-पाखरं शिकवली ना? मग सांगा बरं. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, शेपूट कात्रीवानी. तलावातल्या टेकाडावर गेले तर टोच्याच मारायला लागली की मला!" मी हसत सुटले. गावाला गेले, पाहिलं. नदी सुरय, पाण्यात सूर मारून मासे टिपणारं पाखरू. तलाव भरलेला असला की ते टेकाड म्हणजे बेट, पाणी उतरलं की चालत जाता येतं. तिथे उघड्या मुरमावर त्यांनी अंडी घातली होती. गावात या पाखरांना नावसुद्धा नव्हतं, 'तळ्यावरची पांढरी' म्हणायचे. मी तिला सांगितलं, संकटात असलेल्या पाखरांची जगाची एक यादी असते. हे पाखरू आधी तिच्या उंबरठ्यावर होतं, आता आत जाऊन बसलंय. कारण ते घरटं झाडावर बांधत नाही. नदीच्या वाळूत, तलावातल्या बेटावर उघड्यावरच अंडी घालतं, तेही ऐन उन्हाळ्यात, आपण नदी-तलावात उतरतो तेव्हाच.

वहिनीने टेकाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग टेकाड सोडून खांदू. टेकाडात गाळ असतोय व्हय? मुरूम हाय तिथं." इतकं सोपं होतं ते! सगळा तलाव उपसायचा, फक्त पिल्लं उडेपर्यंत टेकाडावर जायचं नाही. पाण्याचा एक थेंब कमी होणार नव्हता, कुणाच्या शेतातला गाळ घटणार नव्हता. तिने सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण कामाच्या उद्घाटनाला मोठे पुढारी येणार होते, म्हणजे मांडव आला. तलावात सगळीकडे चिखल, कोरडी उंच जागा एकच. यांनी मांडव टेकाडावर टाकला! पोकलेनला हार घालायचा, फोटोत मागे तलाव दिसला पाहिजे ना! वहिनी लंगडत धावत गेली. "पाळीवर घ्या की रे, पाळ काय कमी रुंद हाय?" कुणीतरी म्हणालं, "काकू, पाखरं मोठी का माणसं?" ती ओरडली, "अरे, पाणी कोण अडवून राहिलं? मांडव हलवा म्हणून राहिले मी!" तालुक्याचे साहेब गोड हसले. "मॅडम, यादी जगाची आहे. आपला तलाव कुठल्याच यादीत नाही." सतरंजी अंथरली गेली. सतरंजीखाली अंडी होती. वर पाखरं किंचाळत होती, म्हणून निवेदकाने माइकचा आवाज वाढवला. शाल-श्रीफळासाठी वहिनीचं नाव तीनदा पुकारलं, ती पाळीवरून हलली नाही. तेवढ्यावरून ती पाण्याची वैरीण ठरली. गरज सरो, वैद्य मरो!

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? यात कुणाची दुश्मनी नव्हती. कुणाचा फायदासुद्धा नव्हता. नुसत्या फोटोसाठी एका जातीची एका उन्हाळ्याची पिढी बुटांखाली गेली, आणि संध्याकाळी सगळे जेवून झोपले. त्या धसक्याने वहिनी गेली असं मी म्हणणार नाही, तिचं हृदय आधीच थकलं होतं. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. पेढेही तिनेच वाटले.

यंदा सुरया परतल्या, पण कमी. वहिनी घरोघर जाऊन प्रत्येकाकडून शब्द घेत फिरली, पाऊस पडेपर्यंत टेकाडावर कुणी जायचं नाही. लोकांनी शब्द दिला. आणि ती गेली. आता शोकसभेत सरपंचांनी काय जाहीर केलं ते ऐका. 'कै. इंदूताई स्मृती उद्यान'. फरशी, सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचे पक्षी. जागा? तेच टेकाड! भूमिपूजनही लगेच, कारण पाऊस पडला की तिथे जाता येत नाही. मी उभी राहिले. "अहो, जित्या पाखरांना उठवून सिमेंटची बसवता?" सरपंच हात जोडून म्हणाले, "आत्याबाई, गावाच्या भावना समजून घ्या." भावना! आग लागो त्या भावनांना.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले तर दादा घरी नव्हता. तलावाच्या पाळीवर सापडला. भर उन्हात वहिनीची काळी, लांब दांड्याची छत्री उघडून बसलेला. ती रोज दुपारी तिथे अशीच बसायची म्हणे. तेवढ्यात फक्कीचं पोतं आणि टेप घेऊन दोघे आले. "काका, आखणी करून घेतो. काकूच्याच नावाचं हाय की." जन्मात चारचौघांत आवाज न चढवलेला माझा भाऊ बसल्या जागेवरून म्हणाला, "म्हणूनच सांगून राहिलो. ही छत्री तिच्या नावाची हाय, मी बी तिच्याच नावाचा हाय. टेकाडावर न्हाई जायाचं." दोघे घुटमळले आणि पोतं उचलून परत गेले. समोर एक सुरय पाण्यात पोट भिजवून आली आणि तशीच ओली अंड्यांवर बसली. "ऊन लई हाय, म्हणून गार करतीय," दादा म्हणाला. "तुझी वहिनी दाखवायची."

भूमिपूजनाची पत्रिका छापून झाली आहे. निमंत्रकांत दादाचं नाव आहे, त्याला न विचारता. म्हणून हे इथे छापून सांगते. आमच्या घरचं कुणी त्या मांडवात येणार नाही. आम्ही त्या दिवशी पाळीवर असू. इंदूवहिनीची ज्याला खरंच आठवण येते, त्याने आपापली छत्री घेऊन यावं आणि आमच्या शेजारी बसावं.