आरशाभोवती आठ आरसे

रंजिताच्या डोळ्यांची काळजी माझ्या मनातून जात नाही. चष्म्याचा नंबर दरवर्षी चढतोच आहे. मागच्या महिन्यात यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पडदा कमजोर आहे, तासन् तास बारीक काम करू नका. माझी ही मुलगी उमरखेडला कॉलेजात गणित शिकवते. पण तिचं बारीक काम सुईचं आहे.

भरतकाम तिला माझ्या सासूबाईंनी, मानीबाईंनी शिकवलं. त्यांनी भरलेल्या काचळ्या, म्हणजे आरशांच्या चोळ्या, आणि ओढण्या आमच्या बंजारा तांड्यावरच्या लग्नांत अजून मिरवतात. रंजिताने मात्र अंगावर घालायचं काही भरलं नाही. तिने लाल कापडाचा चौकोन घेतला, त्याचे नऊ सारखे चौकोन केले आणि मधल्यात आरसा बसवला. भोवतीच्या आठांचे पुन्हा नऊ-नऊ, प्रत्येकाच्या मध्ये लहान आरसा. मग त्याहून लहान. तेवढे लहान आरसे मिळेनात तेव्हा टिकल्या. टिकल्याही मोठ्या वाटू लागल्या तेव्हा नुसता पांढरा टाका. लांबून जी नक्षी दिसते तीच जवळून बोटभर जागेत दिसते. सासूबाई कापड उलटंपालटं करून म्हणाल्या, "एवढं बारीक तं म्या बी नाही भरलं कधी."

याला फ्रॅक्टल म्हणतात, हे मला रंजितानेच सांगितलं. मी बी.ए. झालेली, गणिताला दहावीनंतर रामराम ठोकला होता. पण ती शिकवते तसं कुणी शिकवलं असतं तर! एकदा दिग्रसच्या बाजारात तिने फुलकोबीचा एक तुरा मोडला, त्यातून आणखी लहान तुरा काढला आणि माझ्यापुढे धरला. आईला ती आमच्या बोलीत याडी म्हणते.

"याडी, ही बी पूर्ण कोबीच आहे की नाही?"

"मंग पूर्णच घ्या नं, बाई," भाजीवाली म्हणाली. "तुकडे कायले करून राह्यल्या?"

घ्यावीच लागली. तेव्हापासून मलाही तो नाद लागला. शेवग्याची डहाळी, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा, नकाशातली अरुणावती आणि तिला मिळणारे नाले. सगळं डोळ्यांसमोर होतं, मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या पडद्याचा फोटो दाखवला. फांदीला फांदी फुटावी तशा लाल शिरा. मी घाबरून बसलेली, आणि ही खुर्चीतून पुढे वाकून म्हणते, "याडी, पाह्य नं! हे तर माझ्या डोळ्यातच आहे!"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, "ते कापड संपणार कधी?"

"ते संपत नसते. प्रत्येक चौकोनात आणखी नऊ मावतात."

"आणि डोळे?"

"एवढा एकच थर. मग बंद."

हे मी आधीही ऐकलंय. माझं ती ऐकणार नाही. आणि तिच्या गणिताला शेवट नाही, हेही खरंच. पण आमच्या घरातल्या भरतकामाला आहे. काठाला कवड्या शिवल्या की कापड पूर्ण झालं. नंतर त्यात कुणी सुई घालत नाही. कवड्याही भरणारीने शिवायच्या नसतात, जिने शिकवलं तिने शिवायच्या. रंजिता हे काटेकोर पाळते. कवड्या लागल्यावर तिने पहिल्यांदा भरलेल्या पिशवीचा टाका उसवला, तोसुद्धा तिने तसाच राहू दिलाय.

रविवारी ती कापड घेऊन घरी येणार आहे. उजाडलं की तांड्यावर सासूबाईंना फोन करते: रविवारी दिग्रसला या, आणि येताना कवड्या घेऊन या.